डाव्या हातातली पिक

१२ जानेवारी

वन्सं,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नका. तुमच्या दादाची तब्येत आहे तशी आहे. पण आमच्या दोन खोल्यांत फोनवर काही बोललं की हे पलंगावरून ऐकतात आणि मग "माझ्याबद्दल बोलायचं तर माझ्यासमोर बोला" असं सुरू होतं. शिवलेले पडदे पोचवायला बाहेर पडले की पत्र टाकता येतं, तेवढं बरं.

अर्धांगाचा झटका आल्यापासून पाय बराच सुधारलाय. डावा हातही आलाय. परवा शर्टाची बटणं स्वतः लावली. वरचं बटण खालच्या काजात, पण लावली. व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "आता यांना गिटार द्या, डावखुऱ्या वादकाला तोच खरा व्यायाम." मी लगेच खोळ काढली. यांनी गिटार मांडीवर घेतली, तारा छेडायची पिक धरली, तारांवरून एकदा फिरवली, पुन्हा फिरवली आणि पिक पडली. उचलून दिली, परत पडली. म्हणाले, "निसटते. ठेव आत."

तेव्हापासून रोज हेच चाललंय. ऑर्केस्ट्राचे मास्तर येऊन गेले. यांची खुर्ची त्यांनी अजून कुणाला दिलेली नाही, उन्हाळा संपेपर्यंत थांबतो म्हणाले. माणूस भला आहे, पण भला माणूस तरी किती थांबेल? आणि खुर्ची गेली तर हे घरात नुसते भिंतीकडे बघत बसतील, ते मला बघवणार नाही.

तुम्ही लहानपणी यांच्याकडे शिकलात, चार गाण्यांपुरतं का होईना. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कुठल्या कापडाला कुठली सुई ते विचारा, झोपेत सांगेन. न निसटणारी पिक मिळते का हो? यांना विचारलं तर म्हणतात, "सगळ्या सारख्याच." मनासारखी पिक मिळाली नाही म्हणून आमच्या लग्नाच्या बोलण्यांना उशिरा आलेला हा माणूस!

तुमची,
वहिनी

२० जानेवारी

प्रिय वहिनी,

काल काम सुटल्यावर वाद्यांच्या दुकानात गेले. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासल्यामुळे बोटांना भुकटी होती. दुकानदारानं आधी हात धुवायला लावले.

त्याला म्हटलं, भावासाठी हवी आहे, हातात जोर कमी आहे. तो म्हणाला, "बाई, पिक जोरानं धरायचीच नसते. जोर लावला की मनगट आखडतं आणि आखडलं की पिक सुटते. जोर न लावता जी बोटांत राहील, ती आपली." मग ट्रे समोर ठेवला. मी प्रत्येक पिक डाव्या हातात धरून त्याच्या गिटारवर फिरवली. पातळ पिक तारेवर वाकते, त्यामुळे हाताला धक्का कमी बसतो, पण गुळगुळीत असेल तर बोटांत गोल फिरते. जाड वाकत नाही, पण तारेला अडली की हिसका बसतो. मोठी तिकोनी धरायला सोपी आहे आणि फिरली तरी कुठलं तरी टोक खाली येतंच. मधोमध भोक असलेली आहे, त्यात अंगठ्याचं मांस थोडं शिरतं. एकीवर खरखरीत दाणे आहेत, तर एकीवर दोन्ही बाजूंना बुचाचा पातळ काप डकवलेला आहे, ती मला सगळ्यांत सुखाची वाटली. दुकानदार म्हणाला, "चपला घेतानासुद्धा लोक इतकं चालून बघत नाहीत."

पण घरी आल्यावर शंका आली. माझा हात म्हणजे दादाचा हात नव्हे. माझा डावा हात अडाणी आहे, त्याचा आजारी आहे, या दोन्हींत फरक आहे. म्हणून सगळ्या पाठवतेय. तू एवढं बघ: पिक पडण्याआधी बोटांत फिरते, की सरळ खाली घसरते? घाम येतो का? आणि दादा टोक किती बाहेर ठेवतो? जास्त बाहेर असेल तर थोडी आत घ्यायला सांग. माझं नाव सांगू नकोस, "ठमी मला शिकवणार का" म्हणेल.

तुझी,
ठमी

४ फेब्रुवारी

वन्सं,

पुडकं उघडलं तेव्हा यांनी एकेक पिक तळहातावर ठेवून बघितली. बुचाच्या पिकवर अंगठा फिरवत बराच वेळ बसले. मला वाटलं, झालं, हीच ती. तुमचं नाव न सांगता टोक आत घ्यायला सांगितलं, तर म्हणाले, "ठमीनं लिहिलंय ना?"

आता निकाल ऐका. गुळगुळीत पडली. जाड पडली. तिकोनी दोन दिवस टिकली आणि पडली. भोकाची तिसऱ्या फेरीला पडून कपाटाखाली गेली, मी झाडूच्या दांड्यानं काढली. खरखरीत घेऊन चांगलं वाजवायला लागले होते. मी मशीन थांबवून ऐकत राहिले, डोळ्यांत पाणी आलं. यांनी वर बघितलं, माझा चेहरा बघितला आणि त्याच क्षणी पिक पडली. मीच मेली बघत बसले म्हणून यांचं लक्ष उडालं. आता मी पाठ करून बसते.

तुम्ही विचारलंत, फिरते की घसरते? मला काहीच दिसत नाही हो. बोटांत असते आणि मग नसते. घाम नाही, मी रुमालानं पुसून बघितलं.

मी जुन्या बाटल्यांची बुचं ब्लेडनं कापून आणखी जाड काप बनवलेत, ते चिकटवून बघणार आहे. पडद्याच्या मागे लावतो ती रबराची जाळीही आहे माझ्याकडे. काही ना काही चिकटेलच. मास्तरांना सांगितलंय, सुधारणा आहे. खोटं नाही ना ते? खरखरीत पिकवर वाजवलंच की यांनी!

वहिनी

१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

खोटं कसलं? आणि तुझ्या बघण्यानं पिक पडत नाही. दादानं आयुष्यभर भरलेल्या सभागृहात वाजवलंय.

सोबत दोन गोष्टी आहेत. एक अंगठ्यात घालायची पिक. ती अंगठीसारखी बसते, धरावीच लागत नाही, त्यामुळे पडायचा प्रश्न येत नाही. दुसऱ्या चार साध्याच पिका आहेत, पण त्यांवर मी आमच्या कामातलं मऊ मेण लावलंय. बोटांच्या उबेनं ते चिकट होतं. मोजमाप घेताना आम्ही वापरतो ते.

एक काम कर. मेणाची पिक पडली की पुसू नकोस, कडेला धरून उचल आणि डबीत कापसावर ठेवून मला पाठव. पिक सुटताना मेण कुठल्या बाजूला ओढलं गेलं ते मला दिसेल, मग त्याच बाजूला आधार देऊन एक पिक घडवून घेईन. दात बसतात तर पिक का नाही बसणार?

ठमी

२६ फेब्रुवारी

वन्सं,

डबी पाठवतेय. चारही पिका आहेत. अगदी कडेनं उचलल्यात, लहान बाळाला उचलावं तशा.

अंगठ्यातली यांनी घातली आणि लगेच काढली. आवळते म्हणाले. मी म्हटलं, गरम पाण्यात टाकून सैल करू, तर चिडले. "एकदा सांगितलं ना, नको!" आजारपणात पहिल्यांदाच एवढा आवाज चढवला. तासाभरानं स्वतःच्या हातानं पाणी आणून दिलं मला. तीच यांची माफी.

मेणाच्याही पडल्या. पण मला आशा आहे हो. तुमच्या त्या घडवलेल्या पिकनं जमेल. यांचा कार्यक्रमाचा कोट सैल झालाय, तो बाजूंनी आत घेऊन ठेवलाय.

वहिनी

६ मार्च

दादा,

हे पत्र तुझ्या नावानं आहे. वहिनी दुसऱ्याचं पाकीट उघडत नाही, म्हणून मोकळं लिहितेय.

चार पिका भिंगाखाली बघितल्या. लिहू की नको यात आठवडा गेला. मी चुकत असेन तर रागव, मला बरंच वाटेल.

माझं पोट ठशांवर आहे. माप घेताना माणूस हलला की कड दुहेरी येते, मेणाला शेपूट फुटतं. तुझ्या पिकवर शेपूट नाही. अंगठ्याच्या रेषा मोजाव्यात इतक्या स्वच्छ आहेत, मागे तर्जनीचा ठसाही तसाच, चारही पिकांवर. मला वाटलं, मेणच घट्ट असेल. म्हणून बोटांना तेल लावून मी स्वतः पिका निसटू दिल्या. प्रत्येक वेळी मेण ओढलं गेलं. मग मुद्दाम बोटं उघडून पिक टाकली. तो ठसा तुझ्यासारखा आला.

तुझी पकड चांगली आहे, दादा. कदाचित माझ्यापेक्षाही चांगली. पिक सुटलेली नाही, सोडलेली आहे.

मी तुझ्यावर पाळत ठेवायला मेण लावलं नव्हतं. तरी झालं ते तसंच झालं आणि त्याची मला लाज वाटते. पण आता दिसलंय, ते न दिसल्यासारखं कसं करू? का टाकतोस?

ठमी

१५ मार्च

ठमे,

दात बनवणारीला ठसे पाठवायला निघालेल्या बायकोला मी अडवायला हवं होतं. पण ती डबीत कापूस इतक्या निगुतीनं भरत होती की तोंड उघडवेना.

अक्षराला हसू नकोस. हात खरंच आलाय. चमचा, वस्तरा, पेन, सगळं धरतो. तुझी बुचाची पिक तर इतकी सुरेख बसली की वाईट वाटलं.

कान गेलाय. म्हणजे बहिरा नाही. वहिनीचं मशीन मशीनसारखं वाजतं, नळ नळासारखा, बोलणं बोलण्यासारखं. फक्त सूर नाहीत. पहिल्या दिवशी वाटलं, तारा उतरल्यात. खुंट्या पिळत राहिलो, कुठे थांबायचं तेच कळेना. मास्तर आले तेव्हा हाताचं निमित्त करून त्यांच्याकडून जुळवून घेतल्या. मग ती बाहेर गेल्यावर रेडिओ लावला. कुणी तरी चमच्यांचा खण ओतत होतं. बाईचे शब्द समजत होते, गाणं नव्हतं. आधी शेजाऱ्यांच्या पोराला शिव्या दिल्या, रेडिओ बिघडवला म्हणून.

बोटांना अजून आठवतं. डोळे मिटून सोडून दिली तर ती बरोबर पडतात, असं वहिनीच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या दिवशी खरखरीत पिकनं मी काय वाजवत होतो, ठाऊक नाही. मला पत्रा घासल्यासारखं ऐकू येत होतं. वर बघितलं तर ती रडत होती, आनंदानं. ठमे, तिच्या चेहऱ्यावर गाणं होतं आणि माझ्या कानात पत्रा. टाकली पिक. काय करणार होतो?

डॉक्टरांना एकट्यानं गाठून विचारलं. म्हणाले, अशा झटक्यात होतं कधी कधी, काहींचं परत येतं, काहींचं नाही. माझं तसूभरही आलेलं नाही. ज्याला स्वतःची तार जुळवता येत नाही, तो ऑर्केस्ट्रात बसून काय करणार?

निसटते म्हटलं की वहिनीला काम मिळतं. बुचं कापते, रबर चिकटवते, तुला लिहिते. हाताचं दुखणं तिला शिवता येतं. हे कशानं शिवणार ती? म्हणून एवढंच कर, पिका पाठवत राहा. मी पाडत राहीन. हळूहळू तिचा धीर सुटेल. एकदम तुटण्यापेक्षा ते बरं.

दादा

२९ मार्च

वन्सं,

महिना उलटला, तुमची ती घडवलेली पिक नाही आणि मला पत्रही नाही. फोनवर "बघते, बघते" म्हणता. काय बघता?

कंटाळा आला असेल तर सरळ सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही. घेईन, पण तुम्हाला कळू देणार नाही. भाऊ तुमचाच आहे म्हणून विचारायचं धाडस केलं. एरवी मी परक्याकडे हात पसरत नाही. तुम्हाला कामं असतात हे मान्य. इथे मला काय, पडदे शिवणं, यांना आंघोळ घालणं आणि कपाटाखाली झाडू घालणं, एवढंच तर असतं!

पत्ता तरी द्या त्या दुकानाचा. मी स्वतः जाईन.

वहिनी

२ एप्रिल

दादा,

वहिनीनं खरमरीत पत्र लिहिलंय. प्रत्येक टोमणा मला लागला आणि एकालाही उत्तर देता आलं नाही.

तू सांगितलंस म्हणून दुकानात गेले होते. दुकानदारानं नवी पिक दाखवली, मऊ रबराची, घामातही न सुटणारी. मी ती हातात घेतली, बोटांत धरून बघितली आणि परत ठेवली. तुला पाडता यावी म्हणून चांगल्यातली चांगली पिक निवडायची? मला जमलं नाही. हा माझा खरेपणा आहे की नुसता भित्रेपणा, याचा मी खूप विचार केला. सांगता येत नाही. तुझ्या खोट्यात सामील झाले नाही याचं मला समाधान वाटतंय, आणि ते समाधान वहिनीच्या जिवावर आहे, हेही दिसतंय.

मी तिला सांगणार नाही. ते सांगणं माझं नाही. पण मी पाठवणारही नाही. तू म्हणतोस, तिचा धीर हळूहळू सुटेल. दादा, तिचा धीर सुटत नाहीये. ती कोट आत घेऊन बसलीये, दुकानाचा पत्ता मागतेय. तू थांबशील तितकी ती आणखी आशा बांधत जाईल, आणि एक दिवस मास्तर खुर्ची दुसऱ्याला देतील. तेव्हा तिला वाटेल, आपणच कुठे तरी कमी पडलो. ती आताही पाठ करून बसते, आपल्या बघण्यानं तुझी पिक पडते म्हणून. तुला माहीत आहे का हे?

आणि तू स्वतः? गाणं गेलंय, आणि त्याबद्दल तू घरात कुणाजवळ रडलाही नाहीस. पिक उचलायचं काम दिलंस तिला, हे दिलं नाहीस.

सांग तिला.

ठमी

१८ एप्रिल

वन्सं,

परवा यांनी सांगितलं. मी पडद्याची दुमड घालत होते. म्हणाले, "मशीन थांबव." मग सगळं बोलले, गिटारकडे बघत. माझ्याकडे बघितलं नाही.

मी आधी हसले. खरंच, थट्टा वाटली. मग भांडले, इतकं की शेजारीण दार वाजवून गेली. म्हटलं, "मी कपाटाखाली लोळून पिका काढत होते आणि तुम्ही मुद्दाम टाकत होता?" तर म्हणाले, "तुला बरं वाटत होतं." मी म्हटलं, "मला? मला वाटत होतं तुम्हाला बरं वाटतंय!" नंतर हे रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना असं रडताना मी पाहिलं नव्हतं. मी यांना धरून बसले. दुसरं काय करणार?

तुम्हाला माहीत होतं हेही कळलं. राग आला, अजून थोडा आहे. तुम्ही मला आधी सांगितलं असतं तर जास्त आला असता, हे समजतं. पण समजलं म्हणून राग जातोच असं नाही. मागच्या पत्रातले टोमणे तेवढे परत घेते.

काल दोघं मास्तरांकडे गेलो. सांगायला हेच पुढे झाले. "खुर्ची द्या कुणाला तरी," म्हणाले. "फक्त पुन्हा डावखुरा घेऊ नका, शेजारच्या व्हायोलिनवाल्यानं माझं कोपर फार सोसलंय." कुणी हसलं नाही. मास्तर चष्मा पुसत राहिले. परत येताना हे एकदाच म्हणाले, "हात मात्र आला, नाही?" मी हो म्हटलं.

आज दुपारी हे आतल्या खोलीत पडले होते आणि मी स्वयंपाकघरात. हाक आली, "कुठे आहेस?" म्हटलं, "इथेच." थोड्या वेळानं परत, "कुठे आहेस?" मी हात पुसत आत गेले. "दोन तर खोल्या आहेत, जाणार कुठे मी?"

म्हणाले, "काम करताना तू गुणगुणतेस. त्यावरून मला कळतं कुठे आहेस ते. आता चाल कळत नाही, भांडं ओढल्यासारखं वाटतं. पण तू आहेस एवढं कळतं. बंद केलंस का?"

मी गुणगुणते हे मलाच ठाऊक नव्हतं. परत येऊन प्रयत्न केला. पण यांना ते कसं ऐकू जात असेल, हे माहीत असताना गळ्यातून सूर निघेना. तोंड उघडून उभी राहिले नुसती. मग जे करतेय तेच मोठ्यानं सांगायला लागले. "नळ बंद करतेय." "डाळ निवडतेय." "उशांचे अभ्रे काढतेय." आतून दर वेळी "बरं" येतं.

आत्ताही सांगितलं, "वन्संना पत्र लिहितेय."

"बरं," म्हणाले.

वहिनी